आंबिवलीची रपेट

उन्हं कलली की मी घोडीवर खोगीर आवळतो आणि आंबिवलीहून टिटवाळ्याकडच्या गावरस्त्यांना लागतो. डांबरावर टाप घसरते, म्हणून तिला कडेच्या मातीवरून दुडक्या चालीने नेतो. काळू नदी जवळ आली की ती आपणच कान टवकारते.

या मुलखाला घोडा नवा नाही. कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. घाटमाथ्याच्या वाटा इथे उतरत: एक नाणेघाटातून मुरबाडमार्गे, दुसरी नाशिककडून थळघाटातून. मालाचं ओझं मुख्यतः बैलांनी वाहिलं. घोडा स्वाराचा आणि निरोप्याचा. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. मराठ्यांच्या फौजेत नावाजली ती भीमथडीची तट्टं, उंचीने बेताची पण घाट चढायला चिवट. देखण्या अरबी घोड्यांपेक्षा मला तीच थोर वाटतात.

1854 मध्ये आगगाडी कल्याणला आली, 1861 मध्ये कसाऱ्याला. घोड्याची लांबची मजल संपली; उरला तो टांगा. टिटवाळ्याला महागणपतीचे भाविक स्टेशनातून टांग्यानेच देवळाकडे जात. पुढे रिक्षांनी तेही काम घेतलं.

घोड्याचा इतिहास आपण लढायांपुरताच सांगतो, हे मला खटकतं. त्याला नाल ठोकणारा नालबंद, पहाटे चंदी भरवणारा टांगेवाला यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. कल्याण-टिटवाळ्यात तुमच्या घरी कुणी टांगा हाकला असेल, तर त्या वडीलधाऱ्यांना विचारून सगळं लिहून ठेवा.