वाशिमांत एक दिवस

सुटीच्या दिवशीं मुलांबाळांना बरोबर घ्यावें, शिदोरी बांधावी, एखादें ऐतिहासिक गांव पाहावें आणि दिवेलागणीला घरीं परतावें, हा परिपाठ सुशिक्षित कुटुंबांत आतां चांगलाच रुळला आहे. वऱ्हाडांतलीं कुटुंबें अशा वेळीं बाळापूरची छत्री पाहतात, नरनाळ्याचा किल्ला चढतात, फार झालें तर वेरूळ-अजिंठ्यास जातात. वाशीमला लोक जातात ते बालाजीच्या दर्शनाला. दर्शन झालें, प्रसाद घेतला, कीं लागलीच गाडीची वेळ पाहूं लागतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत ज्या हरिषेण राजाचें नांव कोरलें आहे, त्याची राजधानी हेंच गांव, ही गोष्ट त्या मंडळींपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत असते.

यांत त्यांचा दोष नाहीं. युरोपच्या उत्तरेस स्वीडन देशांत सिग्तूना म्हणून एक लहानसें गांव आहे. इ. स. 980 च्या सुमारास तें वसलें आणि स्वीडनच्या राजानें आपलीं पहिलीं नाणीं तेथेंच पाडलीं. पुढें स्टॉकहोम वाढलें, सिग्तूना मागें पडलें. तरीही तेथें सहलीस गेलेल्या मुलाला रून लिपीचे शिलालेख उभे दिसतात, पडक्या चर्चांच्या दगडी भिंती हाताला लागतात. वाशिमांत तसें कांहीं नाहीं. वाकाटकांचा वाडा नाहीं, तट नाहीं, बुरूज नाहीं. जें आहे तें एका नांवांत, कांहीं तांब्याच्या पत्र्यांत आणि दूरच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांत. येथें येणाऱ्यानें डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक भिस्त ठेवावी हें बरें.

आधीं नांवच पाहावें. वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. स्थलमाहात्म्य असें सांगतें कीं, वत्स नांवाच्या ऋषीनें येथें घोर तप केलें, तें पाहण्यास देव जमले, त्यांचा गुल्म म्हणजे समुदाय येथें राहिला, म्हणून हें वत्सगुल्म. पद्मतीर्थ आणि इतर तीर्थें यांच्या कथा याच माहात्म्यांत आहेत. इतिहासकार अशा कथांकडे कानाडोळा करतात. परंतु राजघराणें विस्मृतींत गेल्यावरही नगराचें जुनें नांव गांवकऱ्यांच्या तोंडीं राहिलें, तें या कथेमुळें, हें विसरतां येत नाहीं.

कवींनींही तें नांव जपलें. राजशेखर हा दहाव्या शतकाच्या आरंभींचा कवि आणि साहित्यशास्त्रज्ञ. त्यानें ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत एक मौजेचें रूपक रचलें आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वश करण्यासाठीं साहित्यविद्या नांवाची वधू त्याच्या मागोमाग देशोदेशीं फिरते. आणि अखेरीस दोघांचा विवाह होतो तो विदर्भांतल्या वत्सगुल्म नगरांत. काशी नव्हे, उज्जयिनी नव्हे, कनोज नव्हे, वाशीम! याच कवीच्या ‘कर्पूरमंजरी’ नाटकांत वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हटलें आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. ज्या शैलीला संस्कृत साहित्यांत सर्वांत गोड मानलें, तिला प्राकृतांत या गांवाचें नांव होतें. एवढा मान या नगरास कां मिळावा, याचें उत्तर मात्र फार दिवस मिळत नव्हतें.

तें मिळालें 1939 सालीं. त्या वर्षीं वाशीम येथें एक ताम्रपट उजेडांत आला. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे व श्री. महाजन यांनीं तो प्रसिद्ध केला आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्याचा सूक्ष्म अभ्यास केला. तोंवर वाकाटकांचें घराणें म्हणजे रामटेकजवळच्या नंदिवर्धनाचें घराणें, दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता जेथें सून म्हणून आली तें, अशीच समजूत होती. चार अश्वमेध करणाऱ्या प्रवरसेनाचे चारही पुत्र राजे झाले, असें पुराणें सांगत होतीं. परंतु पुराणांवर कोण विश्वास ठेवतो? या ताम्रपटानें दाखविलें कीं, प्रवरसेनाला सर्वसेन नांवाचा पुत्र होता, सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ति, आणि त्याच्या कारकीर्दीच्या 37 व्या वर्षीं हें दानपत्र वत्सगुल्माहून निघालें. पुराणांचें निदान अर्धें म्हणणें तरी खरें ठरलें.

गंमत अशी कीं, सर्वसेनाचें नांव अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतल्या लेखांत होतेंच. पण अक्षरें झिजलेलीं. आणि वाचणाऱ्या पंडितांना मुख्य शाखेच्या राजांचींच नांवें ठाऊक. त्यामुळें त्यांनीं तेथें तींच वाचलीं. ताम्रपट हातीं आल्यावर मिराशींनीं तो लेख पुन्हां तपासला आणि वत्सगुल्माची संपूर्ण वंशावळ जागच्या जागीं बसली. न झिजलेल्या तांब्यानें झिजलेल्या दगडाची साक्ष सुधारली.

या दानपत्राची भाषाही न्याहाळण्यासारखी आहे. वंशवर्णन संस्कृतांत आहे. पण प्रत्यक्ष दानाचा मजकूर, म्हणजे गांवच्या पाटलाला आणि अधिकाऱ्यांना कळावयाचा हुकूम, प्राकृतांत. नांदेडच्या, तेव्हांच्या नांदीकडाच्या, उत्तर मार्गावरचा एक गांव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेला आहे आणि त्या गांवाला कोणकोणत्या जाचांपासून सूट आहे, याची यादी आहे. मीठ खणूं नये, फुलें व दूध घेऊं नये, असें राजा आपल्याच माणसांना बजावतो. शेतकऱ्याच्या दारीं सरकारी माणूस काय काय मागत असे, तें या निषेधांवरून कळतें. दरबाराचे डौलदार शब्द पुष्कळ ठिकाणीं मिळतात. दारांतल्या दुधाचा उल्लेख क्वचित् मिळतो.

आणि सर्वसेन हा नुसता राजा नव्हता. ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य त्याचें. कृष्णानें सत्यभामेसाठीं पारिजात आणला, ही त्याची कथा. आनंदवर्धनासारख्या चोखंदळ टीकाकारानें त्याचा गौरवानें उल्लेख केला आहे. ग्रंथ लुप्त झाला. साहित्यशास्त्रावरील ग्रंथांत उद्धृत झालेले तुकडे तेवढे राहिले. ज्या महाराष्ट्री प्राकृतांतून मराठी आली असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्या भाषेंत वाशीमचा राजा काव्य करीत होता. राजशेखरानें काव्यपुरुषाचें लग्न येथें कां लाविलें, हें आतां निराळें सांगावयास नको.

पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत हरिषेणाच्या वेळीं या शाखेचें वैभव कळसास पोंचलें. त्याचा मंत्री वराहदेव यानें सोळावें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें. सतरावें एका मांडलिकानें कोरविलें. पुढें थोड्याच काळांत सारें ओसरलें.

मधलीं शतकें सोडून द्यावीं. वाशिमांत आज जें ठळकपणें दिसतें, तें बालाजीचें देऊळ, नागपूरकर भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळू यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेलें. तें पाहावेंच. पण तेथून परतण्याची घाई करूं नये. गांवाबाहेर हिस्से-बोराळा येथें जावें. 1964 मध्यें तेथें देवसेन राजाच्या वेळचा शिलालेख मिळाला. देवसेन हा हरिषेणाचा पिता. त्याच्या स्वामिल्लदेव नांवाच्या अधिकाऱ्यानें येथें एक तलाव बांधला आणि त्याला सुदर्शन हें नांव दिलें. सुदर्शन हें नांव गिरनारच्या पायथ्याचें. मौर्यांच्या काळीं बांधलेला तो तलाव 455 च्या पावसांत फुटला आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानें लागलीच दुरुस्त केला. वऱ्हाडांतल्या या तलावाच्या लेखांत शकाचें 380 वें वर्ष आहे, म्हणजे इ. स. 457-58. दोन्ही कामें दोन-तीन वर्षांच्या आंतबाहेरचीं. गिरनारची वार्ता वत्सगुल्मापर्यंत पोंचली होती, असें मानण्यास जागा आहे. वाकाटकांचे इतर लेख राजाच्या कारकीर्दीचें वर्ष सांगतात आणि अभ्यासक काळासाठीं भांडत बसतात. शकाचा स्पष्ट आंकडा देणारा लेख हाच. आणि तो कोणा राजाच्या विजयाचा नसून पाणी अडविल्याचा आहे.