सोमलाची गोळी

३० ऑक्टोबर १८५८. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बाजारात विल्यम हार्डेकर नेहमीप्रमाणे पेपरमिंटच्या गोळ्या विकत होता. 'हम्बग बिली' हे त्याचं टोपणनाव. साखर महाग, म्हणून गोळ्या बनवणारा त्यात स्वस्त पांढरी भुकटी मिसळायचा. भेसळ होती, पण जिवावर बेतणारी नव्हती. या खेपेला औषधाच्या दुकानातल्या मदतनिसाने भलत्याच पिंपातली बारा पौंड भुकटी बांधून दिली. तो निघाला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष. दोनशेवर माणसं आजारी पडली, वीसेक दगावली. पहिली दोन मुलं गेली तेव्हा पटकीच आली असं लोकांनी धरलं.

धरणारच. उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात आग, जिवाची तगमग. पटकी, नासकं अन्न आणि सोमल यांची लक्षणं अशी जुळत की डॉक्टरही फसत. विष घालणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडे. १८३६ मध्ये जेम्स मार्श यांची रासायनिक चाचणी आली, तेव्हा कुठे प्रेतातला सोमल कोर्टात खात्रीने दाखवता येऊ लागला.

होमिओपॅथीने नेमकं हेच साम्य उचललं. सॅम्युएल हानेमान सोमलाचे जुने जाणकार. आपली नवी उपचारपद्धती मांडण्याआधीच, १७८६ मध्ये त्यांनी सोमलाच्या विषबाधेवर ग्रंथ लिहिला होता. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणं उठवतं, ते सूक्ष्म मात्रेत तीच लक्षणं बरी करतं, हे सूत्र एकदा ठरल्यावर सोमल त्यांच्या औषधांत येणं ओघानंच आलं. बाधलेल्या अन्नावर होमिओपॅथीची पुस्तकं आजही सोमलापासून केलेलं आर्सेनिकम अल्बम सुचवतात. कोविडच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी वाटल्या गेलेल्या गोळ्याही त्याच. मात्र त्यांत सोमल शोधू नये. शंभरास एक या प्रमाणात तीस वेळा विरल केलं की '३०' पोटन्सी होते. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची आशा संपलेली असते.

मग होमिओपॅथीच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या लंडनच्या आकड्यांचं काय?

डॉ. फ्रेडरिक क्विन यांनी १८४९ मध्ये गोल्डन स्क्वेअरला होमिओपॅथिक रुग्णालय काढलं. १८५४ मध्ये तिथून हाकेच्या अंतरावर, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकी भडकली. रुग्णालयात पटकीचे ६१ रुग्ण आले, त्यांतले १० गेले. शेजारच्या मिडलसेक्स रुग्णालयात निम्म्याहून जास्त गेले. सरकारी समितीने होमिओपॅथीचे आकडे अहवालातून चक्क गाळले. संसदेत विषय निघाला तेव्हा १८५५ मध्ये ते छापावे लागले. ही लबाडीच होती.

पण आकडे खरे म्हणून गोळी खरी ठरत नाही. दोन्हीकडचे रुग्ण सारखेच अत्यवस्थ होते, असं धरायला आधार नाही. शिवाय त्या काळचे नामांकित डॉक्टर पटकीच्या रोग्याचं रक्त काढत, पाऱ्याचं कॅलोमेल देत, कुणी तर वर एरंडेल पाजत. अंगातलं पाणी आधीच आटलेल्या माणसावर हे प्रयोग! साखरेची गोळी देऊन त्याला या तडाख्यातून वाचवणं हाही त्या दिवसांत उपचारच होता.

खरी वाट तोवर सापडून मागे पडली होती. पटकीच्या रोग्याच्या रक्तातलं पाणी आणि क्षार घटतात, हे विल्यम ओशॉनेसी यांनी दाखवलं होतं; १८३२ मध्ये थॉमस लॅटा यांनी स्कॉटलंडमध्ये शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन मरणपंथाला लागलेले काही रोगी उठवले. काहींची सुधारणा टिकली नाही आणि पद्धत अडगळीत गेली. अन्नविषबाधेमागचा जंतू हाती लागायला तर १८८८ उजाडलं: जर्मनीत फ्रांकेनहाउझेनला आजारी गाईचं मांस खाऊन लोक आजारी पडले, आणि ऑगस्ट गेर्टनर यांनी त्या मांसात व मृताच्या शरीरात एकच जिवाणू शोधला. पुढे त्याची गणना साल्मोनेलात झाली.

पाणी आणि क्षार भरून काढण्याच्या त्या जुन्या वाटेचं मोल पुन्हा दिसलं १९७१ मध्ये. बांगलादेशातून भारतात निर्वासितांचे लोंढे आले आणि सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली. पाजायला परिचारिका पुरेनात. ते काम रोग्यांच्या नातेवाइकांनी केलं. मृत्यूचं प्रमाण तिसेक टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.