रुई : वैद्याच्या बटव्यात आणि न्यायालयाच्या कागदांत

बागलाण म्हटले की १६७२ ची साल्हेरची लढाई आठवते. हा धागा मात्र त्याच मुलखातील एका झुडपाविषयी आहे. सटाण्याच्या आसपास पडीक रानात, बांधावर जांभळट फुलांची रुई दिसते. शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीच्या गळ्यात पडते. पण पान तोडले की येणारा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी धूसर होते, आणि पोटात गेला तर हृदयावर आघात करणारी द्रव्ये त्यात आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, स्नुही आणि अश्मंतक यांच्यासोबत अर्काचे, म्हणजे रुईचे, नाव येते. तिचा चीक वमन-विरेचनासाठी सांगितला आहे. पुढे रसशास्त्राने तिला उपविषांत बसविले व शोधनाचे विधी दिले. खेड्यातला उपयोग याहून साधा : रुतलेल्या काट्यावर चिकाचा थेंब, सुजलेल्या सांध्यावर तेल लावून शेकलेले पान.

ब्रिटिश सरकारचे डॉक्टर तिच्याकडे वळले ते वेगळ्या कारणाने. आमांशावरील इपेकाक दक्षिण अमेरिकेतून येई, महाग पडे. म्हणून १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त रुईच्या मुळाची साल पर्यायी औषध म्हणून आली. देशी ज्ञान स्वीकारले गेले ते आदरापोटी नव्हे, काटकसरीपोटी, असे मला वाटते.

याच काळातील दुसरे कागद अधिक अस्वस्थ करतात. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक लायन यांच्या न्यायवैद्यक ग्रंथात रुई येते ती गर्भपात आणि अर्भकहत्येचे साधन म्हणून. खोटे वळ उठविण्यासाठीही चीक वापरत. (मारहाणीची तक्रार बळकट करायला!) या नोंदींत वनस्पतीचे वर्णन नेमके असते, बाई मात्र केवळ आरोपी. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे कोणते मार्ग उरत, हे विश्लेषकाच्या कामात मोडत नव्हते.

तो प्रश्न पुण्यात विचारला गेला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले : विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवून जावे. काशीबाई नावाच्या विधवेचा तिथला मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.