पत्ता एक, वाट दुसरी

भंडारदऱ्याला पत्र टाकायचं तर जिल्हा लिहाल अहिल्यानगर. पण पिन कोड सुरू होतो ४२२ ने, आणि हे तीन आकडे तर नाशिकचे! अहिल्यानगर शहराचा कोड ४१४००१. मग चूक कुणाची? कुणाचीच नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. हे कोकणचे गृहस्थ सरकारी अधिकारी, आणि संस्कृतचे कवीही बरं का. पहिले तीन आकडे पत्रांची छाननी कुठं व्हायची ते सांगतात. कलेक्टर कचेरीच्या हद्दीशी त्यांना कर्तव्य नाही. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी आकडा हलला नाही.

नाव निराळं आणि वाट निराळी, ही फोड ई-मेलमध्ये १९८६ साली झाली. अमेरिकेतल्या क्रेग पार्ट्रिज यांनी नियम लिहिला, की पत्त्यातल्या संस्थेच्या नावापुढं टपाल घेणाऱ्या सर्व्हरांची यादी असावी. प्रत्येकाला क्रमांक, लहान क्रमांक आधी. समजा मुख्य सर्व्हर १०, राखीव २०. मुख्य बंद असला की राखीव पत्र घेतो, सांभाळतो, आणि मुख्य सुरू झाला की त्याच्या हवाली करतो. घराला कुलूप दिसल्यावर पोस्टमन शेजारी पत्र देतो ना, तसंच.

गोम पुढंच आहे. राखीव सर्व्हरही तीच यादी वाचतो, आणि तीत त्याचं स्वतःचंच नाव! पत्र आपलं आपल्यालाच देत बसायचं? म्हणून नियम असा, की त्यानं स्वतःचा, बरोबरीचा आणि मोठा क्रमांक खोडावा, मग पुढं बघावं. पत्र गरगर फिरू लागलं की जाणकार आधी हेच तपासतात: हे यंत्र यादीत स्वतःला ओळखतं का?

दुसरी खोड जास्त वाईट. खातेदारांच्या नावांची वही मुख्य सर्व्हरकडे असते, राखीवाकडे पुष्कळदा नसते. तो येईल ते पत्र घेतो; मागाहून मुख्य म्हणतो, या नावाचं इथं कुणी नाही. मग पत्र परत जातं. पाठवणाऱ्याचं नाव खोटं असलं, तर भलत्याच गरिबाच्या दारात ढीग पडतो. भामटे तर मुद्दाम हे मागचं दार ठोठावतात.

माझं मत विचाराल, तर दोन्हीकडे एकच वही ठेवणं जमत नसेल, तर राखीव नसलेला बरा. कारण पाठवणारा सर्व्हर बंद दार बघून पत्र फेकून देत नाही. निदान चार-पाच दिवस थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करावा, असं नियमातच आहे. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या एखाद्या शाळेची वीज दोन दिवस गेली आणि तिथला सर्व्हर बंद पडला, तरी गुरुजींच्या नावचं पत्र पाठवणाऱ्याकडे वाट बघत असतं.