कातरकामातला नाताळ

मुंबईच्या उपनगरांतील जी जुनी गावे आज बसथांब्यांच्या, न्यायालयांच्या आणि मतदारसंघांच्या नावांतूनच लोकांच्या कानांवर पडतात, त्यांपैकी दिंडोशी हे एक. गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेस, डोंगराच्या उतरणीला लागून असलेले हे गाव ज्या साष्टी बेटात मोडते, त्या बेटाने अंमल पुष्कळ पाहिले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहान्वये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती बळकावली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. आणि १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत सरकली तेव्हा या टापूतील गावे महानगराच्या दप्तरी दाखल झाली. राजवटींबरोबर जमाबंदीच्या रीती बदलल्या. परंतु पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या येथील शेतकरी, कोळी आणि कारागीर कुटुंबांनी आपली मराठी बोली सोडली नाही, लुगडे सोडले नाही, आणि लग्नातला ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा विधीही सोडला नाही. याच समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, आपली संस्था स्थापून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. साष्टीतल्या नाताळाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या समाजाच्या ओट्यांचा आणि अंगणांचा इतिहास आहे.

ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत गाणारे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. सजावटीची विद्या मात्र छापखान्यात गेली नाही. ती एका पिढीच्या बोटांतून दुसऱ्या पिढीच्या बोटांत उतरली. गव्हाणीचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावी सुरू केली असे मानतात. तो देखावा कोकणपट्टीत आला तेव्हा त्याचा गोठा झाला, त्यावर पेंढा चढला, आणि गोव्यात तर त्यासाठी नाचणी आधीपासून पेरून हिरवे कोंब तयार ठेवण्याची चाल पडली. उसनी घेतलेली वस्तू आपल्या अंगणातल्या साहित्याने घडवली की ती आपली होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

नाताळच्या ताऱ्याचेही तसेच. जर्मनीतील मोरेव्हियन पंथाच्या शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या पाठासाठी कागदी तारे करीत. आपल्याकडचा तारा बांबूचा. पाच कामट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून एक पंचकोनी तारा बांधायचा, तसाच दुसरा बांधायचा, दोहोंची टोके जुळवून सुतळीने आवळायची, आणि आतल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीचे तुकडे आडवे बसवायचे, म्हणजे दोन्ही सांगाडे एकमेकांपासून दूर सरकून ताऱ्याला पोट येते. मग पतंगी कागद कडेला चार बोटे जास्त ठेवून कापायचा, कड कामटीवर दुमडायची आणि खळीने चिकटवायची. झुरळांनी खळ खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे. हे सारे शेजारच्या हिंदू घरातल्या आकाशकंदिलाच्या बांधणीहून तत्त्वतः भिन्न नाही, कारण कामटी, खळ आणि कात्री ही ज्या मुलखाची सामग्री असते, त्या मुलखाच्या सर्व सणांना ती सारखीच उपयोगी पडते.

घरातून ही कला बाजारात कशी गेली, ते पाहण्याजोगे आहे. लाकडी फळीत पोलादी पाती बसवून केलेल्या साच्याने कागद छाटणे, म्हणजे ज्याला छापखान्यांत ‘डाय-पंचिंग’ म्हणतात ते, शेकडो नगांखेरीज परवडत नसे. त्यामुळे गिरगावातल्या खाडिलकर रस्त्यावरच्या लग्नपत्रिका काय किंवा नाताळची भेटकार्डे काय, नक्षी एकाची आणि प्रती अनेकांच्या, असा व्यवहार रूढ झाला. पुढे तापलेल्या तारेने लोण्यासारखा कापला जाणारा थर्माकोल आला. गणपतीच्या मखरांपासून नाताळच्या गोठ्यापर्यंत त्याने सर्वत्र ठाण मांडले, ते २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यावर बंदी घालीपर्यंत. बंदीमुळे पुठ्ठा आणि कागद यांना पुन्हा मागणी आली, आणि नेमक्या त्याच सुमारास घरगुती कटिंग मशीन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत होते.

या यंत्राची वंशावळ सणासुदीची नाही. व्हिएन्नात जन्मलेला आणि १९४० मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत गेलेला जोसेफ गर्बर याच्या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात पाट्यांची अक्षरे आपोआप कापणारी यंत्रे बाजारात आणली. मुंबईत त्यांचे वारस आधी रस्त्याकडेच्या ‘रेडियम’वाल्यांकडे दिसले. रिक्षाच्या मागच्या काचेवरील देवाचे नाव आणि गाडीच्या पाटीवरील आकडे पूर्वी हे कारागीर पात्याने हातांनी कापीत. मग हेच काम आपोआप करणारा प्लॉटर आला. रेडियमवाल्याचे यंत्र आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर मावणारे आजचे यंत्र यांचे तत्त्व एकच: एक सूक्ष्म पाते, जे ओढीच्या दिशेला आपोआप वळते, आणि पात्याचा दाब इतका बेताचा, की वरचा थर कापला जावा व खालचा कागद शाबूत राहावा. नंतर नको असलेला भाग सुईने उचलून काढण्याचे काम मात्र अजून डोळ्याचे आणि बोटाचेच आहे.

दिंडोशीत म्हाडाच्या इमारती आणि मृणाल गोरे, बाबूराव सामंत यांच्या घरांसाठीच्या लढ्यातून उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची वसाहत झाली. तिथल्या सदनिकांना ओटा नाही, अंगण नाही. पोट असलेला बांबूचा तारा टांगायचा कुठे? सजावट दारावर आणि खिडकीच्या काचेवर आली, म्हणजे सपाट झाली, आणि सपाट कामात हे यंत्र निष्णात आहे. शिवाय ते एकच नग कापते. साच्याने हिरावून घेतलेला हा एकुलतेपणा, आजीसाठी तिच्याच नावाचे कार्ड करण्याची ही मुभा, त्याने घराला परत दिली, ही माझ्या मते त्याची खरी ऐतिहासिक कामगिरी होय.

मात्र नक्षी आयती घेतली तर हिम, रेनडिअर आणि सूचिपर्णी वृक्ष यांखेरीज काही हाती येत नाही. साष्टीच्या गावठाणांत नाक्यानाक्यावर दगडी क्रूस आहेत, त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथीत नवसाने उभारलेले. ताडामाडांची झावळी आहे, लुगड्याचे काठ आहेत. ते कापून पाहावेत असे मला मनापासून वाटते. देवनागरीही येथे साहाय्यकारी आहे. रोमन लिपीतील सुटी अक्षरे कापली की विखुरतात, परंतु ‘नाताळ’ हा शब्द शिरोरेषेमुळे एकसंध सुटून हातात येतो, दोऱ्याने टांगताही येतो. ‘आनंद’ कापताना अनुस्वार तेवढा गळून पडतो, म्हणून त्याला बारीक देठ काढून रेषेशी जोडून घ्यावे लागते; आणि तो देठ किती जाड ठेवायचा, हे कागद चिमटीत धरून पाहिल्यावर ठरते.