बांबू आपला, पास कुणाचा?

संदेशाचे एखादे ॲप एकाच कंपनीच्या फोनवर चालते. याला मक्तेदारी म्हणायचे का? प्रश्न नवा वाटतो. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला तो जुनाच आहे.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण विकायचा कसा? वाहतुकीचा पास वनखात्याच्या हाती. खाते म्हणे, १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड आहे! अखेर २७ एप्रिल २०११ ला पासबुक ग्रामसभेकडे आले, तेव्हा कुठे त्या हक्काला अर्थ आला.

आता फोनकडे या. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने ॲपलवर खटला भरला. त्यातला एक आरोप असा, की दुसऱ्या फोनवाल्यांशी होणारी संदेशांची देवाणघेवाण ॲपलने मुद्दाम कमी प्रतीची ठेवली, म्हणजे गिऱ्हाईक फोन बदलायला कचरते. ॲपलला हे मान्य नाही.

आपली वस्तू आपल्यापुरती ठेवणे हा काही गुन्हा नव्हे. पण सगळे सगेसोयरे आत आणि बाहेरची वाट एकाच्या हाती, असे झाले की आपण जागे व्हायला हवे. खाते जंगल राखण्याचे कारण सांगते, कंपनी सुरक्षिततेचे. दोन्ही कारणे खोटी नाहीत, पण तपासून घ्यावीत. माल कुणाचा, एवढे विचारून भागत नाही. पास कुणाच्या हाती, हेही विचारावे लागते.