मतमाउलीतला डोंगर

चकलांब्याकडून नगरच्या साखरपट्ट्यात तोडीला जाणाऱ्याला श्रीरामपूरजवळच्या हरेगावची ओळख दोन गोष्टींवरून सांगता येईल: बेलापूर कंपनीचा जुना साखर कारखाना आणि सप्टेंबरातली मतमाउलीची यात्रा. माउली म्हणजे मरिया. पण ‘मत’ कुठलं?

पहिला तर्क ‘माता’चा. मातामाउली घासून मतमाउली झाली म्हणे. आईमाउली आपण म्हणतोच, तेव्हा एका अर्थाचे दोन शब्द शेजारी बसले तर बिघडत नाही. तरी मला हे पटत नाही. ‘माता’ गावोगावच्या देवळांत रोज तोंडात असलेला शब्द. त्याचा ठसठशीत ‘आ’ कोण गिळेल? झिजतो तो परका शब्द.

तो परका शब्द वांद्र्याला सापडतो. तिथल्या टेकडीवरच्या माउंट मेरीला कोळी मोतमाउली म्हणतात. पोर्तुगीजांचा ‘मोंत’ म्हणजे डोंगर. त्याचा अनुस्वार गळाला की उरतो ‘मोत’. चर्चची आजची इमारत १९०४ सालची, नाव मात्र फिरंगी अमदानीचं. हीच मोतमाउली घाट चढून आली आणि मतमाउली झाली, असं माझं म्हणणं. हरेगावच्या सपाट काळ्या रानात डोंगर नाही, मग ‘मोत’चा अर्थ कुणाला लागणार?

तारीखही माझ्या बाजूने आहे. वांद्र्याची जत्रा आणि हरेगावची यात्रा, दोन्ही ८ सप्टेंबरच्या आसपास, मरियेच्या जन्माच्या सणाला धरून. गंमत अशी की हा जन्म बायबलात नाहीच. योआकिम आणि हन्ना ही तिच्या आईवडिलांची नावंसुद्धा याकोबाच्या नावावर चालणाऱ्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातली. तो बायबलात कधीच घेतला गेला नाही. डोंगराला मात्र शास्त्राधार काढता येतो: लूकच्या पहिल्याच अध्यायात मरिया लगबगीने डोंगराळ मुलखात अलीशिबेकडे जाते. वांद्र्याला या आधाराची गरज पडली असेल असं वाटत नाही. पायाखाली टेकडी होती, तेवढं पुरे.

राहिली ‘माउली’. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू क्रुसावरून आपली आई लाडक्या शिष्याच्या हवाली करतो. तिथून कॅथलिक तिला सगळ्या भाविकांची आई मानतात. लोरेटोच्या लितानीत तिच्या बिरुदांची माळच आहे, आणि त्यातला दाविदाचा बुरूज तर गीतरत्नातून उचललेला. पण माउली या हाकेची ऊब त्या दरबारी बिरुदांना नाही. ती नेवाशाची, जिथे १२९० साली ज्ञानेश्वरी झाली आणि जिच्या कर्त्याला, एका पुरुषाला, वारकऱ्यांनी माउली केलं. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक याच नगर जिल्ह्यात आपल्या अभंगांतून ख्रिस्तालाच आई म्हणू लागले. टिळक प्रॉटेस्टंट, त्यांचं बोट धरून कॅथलिक चालले असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. पण यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात देवही आईसारखं सांत्वन करतो, तेव्हा टिळकांचं काही शास्त्राबाहेर गेलं नव्हतं.

विरोधक म्हणतील, मोतमाउली हा जोडशब्द वांद्र्याहून आयताच आला, मग नेवाशाला श्रेय कशाला? आयता आला, मान्य. पण वाटेत पहिला शब्द झिजला आणि दुसऱ्याचा कानाही हलला नाही, याचं काय? ‘माउली’ म्हणायला हरेगावात कुणाला शिकवावं लागलं नाही.